फर्मा

सुरांची नावं नको विचारू बे, पत्ता विचार,
डेस्मंड सर पहिल्या दिवशी म्हणाले.
गेल्या मे महिन्यातली दुपार, मोहन नगर,
रेल्वेतून रिटायर माणसाची एक खोली,
आणि कूलर नुसता घुमून राहिलेला.
सगळ्यात जाड तारेवर, तिसऱ्या घरात,
जिथं शिंपल्याचा पहिला ठिपका आहे,
त्यांनी माझं बोट दाबून धरलं.
छेड.
छेडलं. तार आणि कूलर एकच बोलले.
झालं, हे तुझं घर,
नाव पाहिजे तर कूलरला विचार.

मी टेका नाक्यावरचा शिंपी, वय बेचाळीस.
चार तारांचा हा जडशीळ सोटा सेकंडहँड घेतला,
एक अख्खी लग्नसराई त्यात गेली.
बायको म्हणाली, बाप्पा, एवढ्यात फ्रिज आला असता.

गिऱ्हाइकांची नावं मला कधीच आठवत नाहीत.
छाती अडतीस, खांदा साडेचौदा, डावा थोडा उतरता,
असे मी लोक ओळखतो.
म्हणूनच असेल, सरांचे आकार
हातात बसत गेले.
एक तार ओलांडून दोन घरं पुढं,
घोड्याची अडीच:
तिथं भरवशाचा माणूस राहतो, कोणत्याही गाण्यात उभा राहील.
दोन तारा, दोन घरं, तिरपं:
तिथं तोच सूर, पण पोरगा,
अजून आवाज न फुटलेला.

दोन-चार, एक-दोन-चार, एक-तीन-चार.
बोटांचे नंबर. मशीनच्या पायट्यावर, बसच्या दांड्यावर,
झोपलेल्या बायकोच्या पाठीवर एकदा
(तिनं हात झटकला).
दुकानाच्या फळीवर खडूनं चार रेषा, ठिपके.
एका बाईनं विचारलं, भाऊ, हा कोणता गळा?
फार खोल आहे ताई, मी म्हटलं.

आणि खरी गंमत ही
की आकार सरकवता येतो.
तिसऱ्या घरातून पाचव्यात, पाचव्यातून आठव्यात,
कापड बदलतं, फर्मा तोच.
हे माझ्या बापाला सांगितलं असतं
तर म्हणाला असता, यात नवीन काय?

एप्रिलमध्ये इंदोऱ्याला कार्यक्रम होता.
मैदान भरलेलं, रात्रीचे साडेदहा, लोखंडी खुर्च्या अजून गरम.
सुकेशनी गजघाटे तिसऱ्या गाण्याआधी
माइक झाकून म्हणाली, घसा बसला,
एक सूर खाली घ्या.
मी म्हटलं, घ्या ना, त्यात काय.
तिसऱ्या घरातून पहिल्यात सरकलो, दुसरं बोट टेकवलं
आणि पहिल्या बोटाला
जागाच नाही.
तिथं मान संपते. पुढं नुसत्या खुंट्या.

वीस वर्षं कात्री चालवतोय,
कापड कमी पडलेलं हाताला आधी कळतं.
ढोलकीवाल्या प्रसेनजितनं वळून पाहिलं.
दोन ओळी मी एकाच सुराला धरून काढल्या,
भिंतीला धरून म्हातारा चालतो तशा.
मग आठवलं, शेजारच्या तारेवर, आठव्या घरात
तोच राहतो, पोरगा.
धावलो तिकडं.
दोन-चार, एक-दोन-चार.
गाणं थोडं उंच बांध्याचं झालं,
पण उसवलं नाही.
समोर एक पोट्टं स्पीकरच्या डब्याला
तळहात लावून उभं होतं,
त्यानं हात काढला, पाहिला, पुन्हा लावला.

सकाळी दुकानात एक ब्लाऊजपीस आला,
चार बोटं कमी.
बाई रडकुंडीला. म्हटलं, जोड काखेत घेतो,
तिथं कोण बघते?

संध्याकाळी सरांना सगळं सांगितलं,
पहिलं घर, खुंट्या, ती दोन ओळींची फजिती.
त्यांनी एवढंच विचारलं, थांबला तर नाहीस?
नाही.
मग काही न बोलता
त्यांनी कूलरचं तोंड
माझ्याकडं फिरवलं.